मुरूमवाली वसुंधरा

इंदूरच्या छत्रीबागेत कुणालाही विचारा, वसुंधरा काय करते? उत्तर ठरलेलं : द्राक्षांचा ज्यूस. हे उत्तर तिच्या आईनं, लीलाबाईंनी, सगळ्या गल्लीकडून घोकून घेतलं होतं. लीलाबाईंची हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली. त्यांनी घोकून घेतलेलं लोक सहसा विसरत नाहीत.

खरं म्हणजे वसुंधरा वाइन करत होती, आणि तीही अशीतशी नाही. तिची ‘मुरूम’ नावाची लाल वाइन हवी असेल तर मुंबईच्या बड्या हॉटेलांना आधीपासून सांगून ठेवावं लागे. परदेशातल्या एका स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळालं होतं. वाइनवर लिहिणारी मंडळी इंदूरला उतरून, आधी पोहे-जिलेबी हाणून, मग सिमरोलच्या पुढे तिची बाग बघायला जात. एवढं सगळं असून तिच्या स्वतःच्या गल्लीत ती ज्यूसवाली. आपल्या लोकांची ही एक खोडच आहे. कौतुक करायला ते एका पायावर तयार असतात, फक्त कशाचं ते विचारू नका.

औषधांच्या कंपनीतली लॅबची नोकरी सोडून तिनं जमीन घेतली तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. मालव्यात जमीन घ्यायची तर माणूस काळी माती बघतो. हिनं घेतलं उताराचं, मुरमाड टेकाड. तिचा मावसभाऊ मानस ते बघून म्हणाला, “वसू, इथे तर बकरी पण रडेल.”

“रडू दे,” ती म्हणाली. “वेलीला थोडं रडवल्याशिवाय द्राक्षात जान येत नाही.”

पहिली दोन पिकं फुकट गेली, तिसऱ्याला गारपिटीनं झोडपलं. लोकांनी समजावलं, गहू-सोयाबीन लाव, नाहीतर नाशिकची द्राक्षं आणून बाटल्या भर, कोण बघतंय? तिनं साफ सांगितलं, माझ्या बाटलीत माझ्याच टेकाडाची द्राक्षं जातील, नाहीतर बाटली रिकामी राहील. त्या वर्षी बाटल्या खरंच रिकाम्या राहिल्या. पुढच्या वर्षी जी वाइन झाली तिला तिनं ज्या मुरमावरून टोमणे खाल्ले होते त्याचंच नाव दिलं.

लीलाबाईंना मुलीचा अभिमान नव्हता असं नाही. पण मराठी शाळेतली बाई, घरात गणपती, आणि मुलगी दारू गाळते म्हणायचं? म्हणून ज्यूस. पण थापेला पाय फुटतात म्हणतात ते खोटं नाही. शेजारच्या मनोरमाताईंनी एका संकष्टीला घरी तांब्या पाठवला. निरोप असा की उपवास आहे, वसूचा ज्यूस थोडा द्या. लीलाबाईंना घाम फुटला. मग चपला घालून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या, खोक्यातला द्राक्षांचा ज्यूस आणला आणि तांब्यात ओतून पाठवला. तेव्हापासून दर संकष्टीला तांब्या येई आणि भरून जाई. “वसूच्या हाताची चवच अलग आहे,” असं मनोरमाताई देवळात चार बायकांना सांगत.

वसुंधराला हे कळलं तेव्हा ती आधी खूप हसली. मग मात्र तिला वाईट वाटलं, आणि ते तिनं आईला सांगितलंही. “आई, दुकानातल्या खोक्याला माझं नाव देतेस, आणि माझ्या कामाला नाही.” लीलाबाई भाजी निवडत राहिल्या.

आणि अशात मराठी मंडळानं वसुंधराचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मंडळाचे अध्यक्ष दिनानाथराव आमंत्रण घेऊन स्वतः घरी आले. साठी उलटलेले, पण कधीकाळी लीलाबाईंच्या वर्गात होते, म्हणून आल्या आल्या आधी बाईंच्या पाया पडले. लीलाबाईंचा चेहरा असा फुलला, की बास. याच मंडळाच्या स्टेजवर लहानपणी वसूनं श्लोक म्हटले होते. आता तिथेच सत्कार. म्हातारीला आणखी काय हवं?

मानपत्राचा मसुदा दिनानाथरावांनी वाचून दाखवला. त्यात वसुंधरा ‘फलप्रक्रिया उद्योजिका’ होती.

“वाइन कुठे आहे यात?” वसुंधरानं विचारलं.

“देखो वसुंधराजी, बात ऐसी है,” दिनानाथराव म्हणाले, “मंडळात बुजुर्ग लोक येतात, लेडीज असतात. माहीत तर सगळ्यांनाच आहे. पण लिहायचं कशाला?”

“माहीत आहे तर लिहा. नाहीतर मी येणार नाही. बस.”

बरीच ओढाताण झाली. शेवटी “ठीक आहे, डाल देंगे” म्हणून दिनानाथराव उठले. दारात मात्र त्यांनी आवाज खाली आणला. “पुष्करचं रिसेप्शन आहे विजय नगरला. माझा भाचा. तुमच्या मुरूमच्या दोन पेट्या पाठवाल? साध्या खोक्यात पॅक करा, बाहेर नाव नको.”

आत लीलाबाई मटार सोलत होत्या. म्हातारपणी त्यांचे गुडघे गेले होते, कान नव्हते गेले. पण दिनानाथराव गेल्यावर त्या मुलीलाच बोलल्या. “एका शब्दासाठी एवढं ताणतात का? काय बिघडतं?”

“हे तू विचारतेस?” वसुंधरा म्हणाली. “निबंधात ‘इत्यादी’ लिहिलं तर तू अर्धा मार्क कापायचीस. म्हणायचीस, जे आहे त्याचं नाव घ्यायला लाज कसली? माझा मार्क कापलास, आता स्वतःचा काप.”

 रात्री जेवताना मीठ मागण्यापलीकडे लीलाबाई बोलल्या नाहीत.

सत्कार नेमका द्राक्षं काढायच्या दिवसांत आला. रस आंबत असताना सालं वर तरंगतात, ती पुनःपुन्हा खाली दाबावी लागतात, आणि त्या रंगानं वसुंधराचे हात मनगटापर्यंत जांभळे-काळे होत. सकाळी लीलाबाई अर्धं लिंबू घेऊन ते हात चोळायला बसल्या. चोळता चोळता थांबल्या. “राहू दे,” म्हणाल्या, “निघत नाही हे.” मग ते हात त्यांनी उगाचच थोडा वेळ धरून ठेवले.

हॉल भरला होता. शाल घातली, नारळ हातात दिला, आणि दिनानाथरावांनी माइकसमोर मानपत्र उघडलं. आवाज चढवत, थांबत, छान वाचलं. आणि मध्यात, अगदी सफाईनं, आलं ते ‘फलप्रक्रिया उद्योजिका’च. टाळ्या पडल्या.

वसुंधरा उठली. शाल काढून तिनं घडी केली आणि टेबलावर ठेवली. वर नारळ ठेवला. माइक आपल्याकडे ओढला.

“हे मानपत्र दुसऱ्या कुणाचं तरी आहे,” ती म्हणाली. “त्या बाई आल्या की त्यांना द्या. मी वाइन करते. चांगली करते. त्याची लाज मला वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल, तर सत्कार करू नका. पण माझा सत्कार करून माझंच काम लपवायचं, हे मी चालवून घेणार नाही.”

 कुणीतरी खोकलं. दिनानाथराव हसू आणत म्हणाले, “अरे छोडो ना, भावना समझा करो.”

तेव्हा पहिल्या रांगेतून लीलाबाई उठल्या. खुर्चीचा हात धरून, गुडघ्यांची समजूत काढत. त्यांना माइक लागला नाही. उभी हयात त्यांनी माइकशिवायच काढली होती.

“दिनानाथ,” त्या म्हणाल्या, “पुष्करच्या रिसेप्शनला माझ्या मुलीकडून दोन पेट्या मागितल्यास. त्या कशाच्या? फलप्रक्रियेच्या?”

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. दिनानाथराव कागदाकडे बघत राहिले.

“चूक तुझी एकट्याची नाही. मीपण इतकी वर्षं गल्लीला ज्यूस सांगत आले. माझी मुलगी वाइन करते. साऱ्या दुनियेला ठाऊक आहे, तिच्या आईच्याच तोंडून निघत नव्हतं.”

दुसऱ्या रांगेत मनोरमाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. “लीलाताई,” त्या हळूच म्हणाल्या, “मग संकष्टीला मी काय प्यायले?”

“घाबरू नका. ते दुकानातलं होतं,” लीलाबाई वळून म्हणाल्या. “वसूच्या हातचं तुमच्या नशिबात अजून आलेलं नाही.”

मग त्या पुन्हा स्टेजकडे वळल्या. “वाच, दिनानाथ. सुरुवातीपासून. दुरुस्त करून.”

दिनानाथरावांनी वसुंधराकडे पाहिलं. ती नारळाशेजारी आपले काळे हात टेबलावर टेकून उभी होती, जागची हलायला तयार नव्हती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. चष्मा सारखा केला. खांदे आपोआप ताठ झाले, आणि ते वाचू लागले. त्या शब्दापाशी आले तेव्हा अडखळले, घसा खाकरला, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, “…वाइन…”

“मोठ्यानं,” लीलाबाई म्हणाल्या. “मागच्या बाकावर ऐकू आलं नाही.”