शाब्हाच्या ओळीची जागा

फेर्रूजाचं तोंड तिखट आहे हे गावात सगळ्यांना माहीत. अंजीर वाळत घालताना कुणी मध्ये बोललं तरी ती खेकसते. पण त्या आठवड्यात तिचं डोकं फिरलं ते रास्त कारणाने, एवढं मात्र म्हणावंच लागेल.

तिझी-उझू शहरातल्या काही मुलींनी ऑनलाइन कार्यक्रम ठरवला होता, 'लोकगीतं आणि बायकांचे लढे'. त्यात फेर्रूजाने झऱ्याचं गाणं म्हणायचं. वीस वर्षांपूर्वी गावचा झरा नळाने खालच्या कारखान्याला द्यायचं ठरलं, तेव्हा नऊ बायका तेरा दिवस झऱ्याच्या तोंडाशी ठाण मांडून बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांनी ते रचलं. एकेकीची एकेक ओळ. गावचा रिवाज असा, की जिची ओळ तिनेच म्हणायची. ती गेली तर तिच्या लेकीने, नाहीतर सुनेने. चौथी ओळ शाब्हाची, आणि तिला ना लेक ना सून. ती वारल्यापासून चौथ्या ओळीला सगळ्या गप्प बसतात, ओळ म्हणून होईल इतका वेळ, आणि मग पाचवी सुरू होते. फेर्रूजाला गायची हौस काही उरली नव्हती. ती तयार झाली ती एवढ्याचसाठी, की शाब्हाची जागा गावाबाहेरच्यांनाही कळावी.

"मावशी, पोस्टरवर तुमचं नाव टाकलंय, कवयित्री म्हणून," कार्यक्रम चालवणारी सिलिया फोनवर म्हणाली.

"पुसून टाक. माझी एक ओळ आहे. उद्या बाकीच्या दारात भांडायला येतील, त्यांना कॉफी तू पाजणार का?"

नाव काही पुसलं गेलं नाही. त्याखाली बारीक अक्षरात 'आणि इतर' आलं.

शुक्रवारी दुपारी चारला आठही जणी फेर्रूजाच्या अंगणात जमल्या. रवा वाफवायच्या भांड्याला फोन टेकवला. आधी एक प्राध्यापिका बोलल्या. पाऊण तास. बायकांचा आवाज कसा दाबला जातो, यावर. तोवर या आठ जणींचा आवाज सिलियाने बंदच करून ठेवला होता.

"या बाईला घरी कामं नाहीत का?" धहबियाने विचारलं. पाचवी ओळ तिची.

"असतील, म्हणून तर इथे बसलीय," फेर्रूजा म्हणाली.

एकदाची पाळी आली. तीन ओळी झाल्या. चौथीला सगळ्या गप्प.

"हॅलो? मावशी? मंडळी, जरा थांबा हं, डोंगरात नेटचा त्रास असतो," सिलिया म्हणाली.

"नेटला काही झालं नाही. शाब्हाची ओळ चाललीय."

पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला चौथी ओळ आली आणि सिलियाने मोठ्या समजूतदारपणे बासरी लावून दिली. फेर्रूजा अशी उसळली की भांड्यासकट फोन कलंडला आणि कार्यक्रम बघणारे दोनशे लोक अंगणातली वेल बघत राहिले.

"तुला कुणी सांगितलं पिपाणी वाजवायला? त्या जागेवर आमची बाई बसलीय."

तिसऱ्या खेपेला मात्र मध्ये कुणी बोललं नाही. चौथी ओळ पुरती गप्प गेली, तिकडे दोनशे माणसंही चिडीचूप. फेर्रूजाचा राग उतरला. धहबिया घरी निघाली तेव्हा तिला तिने चक्क बरं गायलीस म्हटलं.

चार दिवसांनी सिलियाने रेकॉर्डिंग पाठवलं. तिसरी ओळ संपली आणि लगेच धहबियाचा आवाज आला. फेर्रूजाने पुन्हा लावून बघितलं. तिसरी, आणि लगोलग पाचवी. मध्ये श्वासाएवढीही फट नव्हती. तिने फोन लावला.

"ऐकलंत ना मावशी? मधलं रिकामं कापून टाकलं. नाहीतर लोक कंटाळून निघून जातात हो."

या पोरींना किती वेळा तेच तेच सांगायचं, या विचाराने फेर्रूजाचा जीव नुसता विटून गेला.

"पोरी, अकराव्या दिवशी पोलिसांनी शाब्हाला केसांना धरून फरफटत नेलं," ती म्हणाली. "आम्ही सरकून बसलो नाही. तिची जागा तशीच मोकळी ठेवली. पुढचे दोन दिवस पोलीस समोर उभे होते, पण त्या जागेवर पाय ठेवायची त्यांची छाती झाली नाही. तू घरात बसून एका बोटाने तिला तिथून उठवलंस."