पाइपाची सोनोग्राफी

विसरवाडीच्या अलीकडं आमचं घर, आणि घरामागून जमिनीतून ग्यासचा पाइप गेलाय. तिथं पिवळी पाटी, ‘धोका’. मी सातवीपर्यंत शिकले, म्हणून वाचता येतं, हाच तर ताप! घराच्या मागच्या भिंतीला लागूनच माझं तान्हं निजतं.

एक दिवस पाइप तपासणारा माणूस आला. नाल्यात पाइप उघडा आहे, तिथं त्यानं बैलाला घुंगरमाळ बांधावी तसा जाड पट्टा पाइपाला बांधला, वायर जोडली आणि मान तिरकी करून पडद्याकडं बघत बसला. मी पोर कडेवर घेऊन पळतच गेले.

“भाऊ, मन्हं घर तठे शे, तुम्ही आठे काय देखी ऱ्हायनात?”

“ताई, इथून आवाज सोडला की तो पाइपाच्या अंगातून तुमच्या घरामागं जातो. कुठं गंजलं असेल, तर तिथून मागं फिरतो.”

“म्हणजे सोनोग्राफी!”

“तसंच समजा.”

“मंग पोरगा शे का पोरगी?”

पडद्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, “ते सांगायला बंदी आहे.”

मी इतकी हसले, इतकी हसले की पोर दचकून रडायला लागलं. त्याला थोपटत मी पुन्हा विचारलं, “खरं सांगा भाऊ, पाइप फुटी का हो?”

त्यानं सावकाश पट्टा सोडला, हात पुसले. “माझं जेवण राहिलंय, ताई. तुमच्या घरामागं सावली आहे, तिथंच बसतो.”

आणि खरंच, त्या पाइपावरच्या मातीवर टॉवेल अंथरून तो जेवला, आडवा झाला आणि घोरायलाच लागला! मी भिंतीच्या अलीकडं त्याचं घोरणं ऐकत तोंडात पदर कोंबून हसत होते, आणि हसता हसता मलाही कधी झोप लागली, कळलंच नाही.