गोलमध्ये उभे असलेले काका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी ऑफिसातून येताना गुपचूप खाल्लेला मीट पायसुद्धा कबूल करतो. तुला का सांगतोय? माहीत नाही. पण आता गिळवत नाही.

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातला आमचा फुटबॉल क्लब म्हणजे पस्तिशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाप्यांचा. मी गोलकीपर. कैक वर्षं ती जागा माझी होती — निदान मी तसं धरून चाललो होतो.

मग तो हिवाळा आला. जूनपासून पाऊस हटायला तयार नाही. शनिवारमागून शनिवार मॅच रद्द, आणि जी व्हायची ती चिखलात. सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा थर, हात ग्लोव्हजमध्येही बधिर. आम्ही हरत होतो आणि मी थंडीला शिव्या घालत होतो. पण ज्या दिवशी अगदी सरळ आलेला चेंडू माझ्या दोन पायांमधून गेला, त्या दिवशी थंडीचा काय दोष होता? कोचने मला बाहेर बसवलं. गोलमध्ये मंगेशला उभं केलं. मंगेश माझा मित्र, मीच त्याला क्लबात आणलेला.

आणि आम्ही जिंकायला लागलो.

जिंकलो की मी सगळ्यांत मोठ्याने ओरडायचो, आणि घरी येऊन जेवण जायचं नाही. मत्सर होता तो. दुसरं काही नाव देऊन बघितलं — जमलं नाही.

माझं मन राखायला कोचने मला मैदान बघायचं काम दिलं. म्हणजे मॅचच्या दिवशी पहाटे जायचं, गवतावर चालायचं, पाणी साचलंय का बघायचं आणि ग्रुपवर टाकायचं — चालू की बंद. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, मैदान खुलं ठेवलं असलं तरी आमच्याकडे शेवटचा शब्द माझा. उलट कुणी विचारत नसे.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी मंगेशचे बाबा काही आठवड्यांसाठी कामठीहून आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. काका तरुणपणी कामठीच्या मैदानावर गोलकीपर होते, तेही अनवाणी. पण मंगेश शिकावा म्हणून त्यांनीच लहानपणी त्याचा चेंडू काढून घेतला होता. पोरगा इंजिनियर झाला, सिडनीत घर केलं, आणि चाळिशीजवळ पुन्हा गोलमध्ये उभा राहिला. काकांना ते एकदा बघायचं होतं. दर शनिवारी माकडटोपी घालून तयार, आणि दर शनिवारी पाऊस, मॅच रद्द.

शेवटचा शनिवार उरला. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान. हे मला माहीत होतं — हे आधीच सांगून टाकतो.

आठवडाभर कोरडं, झोंबरं वारं वाहत होतं. आदल्या संध्याकाळी फक्त एक सर पडून गेली होती. मी सकाळी मैदानात पोचलो. सगळीकडे फिरलो. गोलपोस्टपाशी टाचेने गवत दाबून पाहिलं. मग तिथेच, माझ्या जुन्या जागेवर उभा राहिलो. आज मंगेश इथे उभा राहणार, त्याचा बाप टाळ्या वाजवणार, आणि मी कडेला थर्मास घेऊन बसणार...

ग्रुपवर लिहिलं, ‘पाणी आहे. बंद.’ लगेच अंगठे आले. कुणीतरी ‘नो वरीज मेट’ टाकलं. मंगेशने फक्त रडका चेहरा टाकला.

मी निघणार तेवढ्यात काका चालत आले. मंगेशचं घर मैदानाच्या मागच्याच गल्लीत. मला म्हणाले, “जय भीम. कोरडं दिसते गा.”

“वरून दिसतं काका. खाली पाणी आहे.”

त्यांनी मान हलवली. विश्वासच ठेवला त्यांनी. मग फोन माझ्या हातात दिला. “मॅच तं पायता आली नाही. माझाच एक फोटो काढून दे गा गोलमधी. पोराची जागा हाये ना ते.”

मी काढला. हात पसरून उभे राहिले, अगदी खऱ्या कीपरसारखे. अजूनही मी बोलू शकत होतो. एक मेसेज, बस. नाही केला.

ती मॅच पुढच्या आठवड्यात झाली. मंगेशने पेनल्टी अडवली आणि कडेला बघितलं. तिथे मी होतो.

डिसेंबरात काका कामठीत गेले. झोपेतच. मंगेश तिकडे निघाला, त्याला विमानतळावर सोडायला मी गेलो होतो, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “एकदा तरी बघायला हवं होतं रे त्यांनी.” आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तू फोटो काढलास म्हणून. नाहीतर तेवढंही नसतं.” त्याने माझे आभार मानले. मी ते घेतले.

तो फोटो मोठा करून मंगेशच्या हॉलमध्ये लावलाय. मी जातो, चहा पितो, त्याच्या समोरच्या सोफ्यावर बसतो. मंगेश नेहमी चेहरा बघतो, पसरलेले हात बघतो. मला ते जमत नाही. माझी नजर खालीच जाते. मंगेशने घेऊन दिलेले नवे पांढरे बूट आहेत काकांच्या पायात, आणि त्यांना कुठेही चिखल लागलेला नाही.