मांडीखाली दाबलेले हात

नागाओ काका गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी रेडमंडच्या बसस्टॉपवर त्यांच्यासाठी केलेली पातळ खिचडी घेऊन उभी होते. बस आली, दार उघडलं, मिटलं... मी चढलेच नाही.

काका खेळण्यातले रोबो तयार करायचे. गाडीचा माणूस होणारे, माणसाची पुन्हा गाडी होणारे. तरुणपणी जपानात, मग इथल्या एका कंपनीने बोलावलं म्हणून अमेरिकेत. ताईकडे राहायला आलेली मी त्यांच्याकडे स्वयंपाकाचं काम मागायला गेले, तेव्हा शिक्षण विचारतील या धास्तीने ‘नववी’ इंग्रजीत पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलंच नाही. हातात लाल ट्रक दिला, “ओपन” म्हणाले आणि स्वतःचे तळहात मांडीखाली दाबून खुर्चीत बसले. त्यांची पद्धतच ती. नवा नमुना नवख्या हातात द्यायचा आणि गप्प राहायचं. आपला हात मदतीला पुढे झाला, तर खेळणं चुकलं.

शेवटचा रोबो म्हणजे निळी बस. आजार बळावलेला, कंपनी घाई करत होती, आणि नमुना एकच. मी भीत भीत खांदा फिरवला... तो कडकन तुटला. वाटलं, संपलं आपलं इथलं.

“सॉरी काका, मी...”

“लहान मुलीच्या हातात तुटला असता तर ती रडली असती,” आमच्या दोघांच्या तुटक्या इंग्रजीत ते म्हणाले. “तू तर मोठी आहेस. तूही रडतेस?”

मग पलंगावरच उशीला टेकून त्यांनी खांदा कागदावर नव्याने काढायला घेतला. खिचडी गार व्हायची, मी रागवायचे. “हा उघडला की जेवतो,” म्हणायचे. रेखाटन कंपनीकडे गेलं. नमुना यायच्या आत काका गेले.

गेल्या आठवड्यात तो नमुना आला. काकांच्या मुलीने मला बोलावून हातात दिला, “बाबा म्हणाले होते, तूच उघड.” माझं धाडस होईना. पुन्हा तुटला तर आता नव्याने कोण काढणार? सोबत आलेल्या माझ्या भाचीला, ईराला दिला आणि मी काकांच्या खुर्चीत बसले.

“मावशी, how does it open?”

“बघ तूच.”

खांद्याशी ती अडली. नखं पांढरी पडेपर्यंत दाबत होती. माझा हात पुढे झाला.

“Don't help,” ती वर न बघता म्हणाली.

मी दोन्ही हात मांडीखाली घातले. टक्... निळ्या बसने हात वर केला.

ईरा तो घेऊन बाहेर पळाली. मी तशीच बसून राहिले. हातांना मुंग्या आल्या, तरी काढावेसे वाटेनात.