आत्याबाईंनी सारवलेला लाकडी बंगला

"मिस्त्रीणबाई, बघा कशी झाली भिंत," आत्याबाई म्हणाल्या. मी हातातला तेलाचा डबा खाली ठेवला. बंगल्याच्या लाकडी भिंती कमरेपर्यंत शेणानं सारवलेल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली ही गोष्ट. नगरच्या कँपाजवळ रावसाहेब ओव्हरसीअरांचा सरकारी बंगला होता. भिंती सगळ्या आडव्या फळ्यांच्या. कौलं कशी एकावर एक चढवतात, तशीच वरच्या फळीची कड खालचीवर. पाऊस बाहेरच्या बाहेर ओघळतो. अशा लाकडाला उन्हाळ्यात जवसाचं तेल पाजावं लागतं. आमचे हे सुतारकाम बघायचे, तेल-रंग माझ्याकडे. कुणी शिकवलं नाही हो, करता करता आलं.

त्या वर्षी मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार होते. फळ्या सडक्या निघाल्या तर बंगला पाडणार. रावसाहेबांच्या मुलीचं लग्न तोंडावर, दारात मांडव घातलेला. बिऱ्हाड हलवायचं कुठं?

आणि पारनेरहून लग्नाला आलेल्या त्यांच्या आत्यानं हे करून ठेवलेलं.

"लग्नघर बिनसारवलं ठेवतात का कुणी?" आत्याबाई.

"आवो, ही मातीची भिंत न्हाई, लाकडाची हाय. लाकूड पानी पितं."

रावसाहेब घाईला आले. "वरून तेल मारून टाका. साहेब परवा येतायत."

"ओल्यावर तेल मारलं तर ओल आत कोंडंल, रावसाहेब. फळी आतून सडंल."

आत्याबाईंनी पदर खोचला. "आम्ही घातलं, आम्हीच काढू." लग्नाला जमलेल्या सगळ्या बायका काथ्याचे बोळे घेऊन भिंतीला लागल्या. ओव्या सुरू झाल्या.

"वरून खाली घासा," मी सांगत होते. "खालून वर मारलं की पानी कडंखाली शिरतं."

"गेल्या जन्मी कुणाची सासू होतीस गं?" आत्याबाई म्हणाल्या. बायका हसून हसून खाली बसल्या.

शेण निघालं, आणि त्याच्यासोबत वर्षानुवर्षांचा काळा थरही सुटला. खालून मधासारखं लाकूड. पण न्हाणीच्या कोपऱ्यात आत्याबाईंचं बोट तळच्या फळीत रुतलं. भिजल्या भाकरीसारखी मऊ. काळ्या थराखाली ती कुणाला दिसलीच नसती.

आमचे हे वाकून म्हणाले, "बरं झालं, आजच घावली." त्यांनी ती काढून सागाची बसवली.

भिंतींना वारा लागावा म्हणून मांडवाचं कापड सोडवलं. वैशाखाचा वारा दुसऱ्या दिवसभर भिंतींवरून फिरला. फळी वाळली का, हे मी गाल लावून बघते. गार लागली की समजायचं, अजून ओल आहे. संध्याकाळी कोमट लागली. मग गरम तेल चोळलं, उरलेलं पुसून घेतलं.

साहेब आले ते सरळ न्हाणीच्या कोपऱ्यात. पाणी कुठं मुरतं, ते त्यांनाही ठाऊक. खिशातला चाकू काढून तळच्या फळीत खुपसला. टोकही गेलं नाही. सगळ्या भिंती बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, इतकं स्वच्छ लाकूड कशानं केलं?

"लोकल मेथड, सर," रावसाहेब म्हणाले. आत्याबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

बंगला पास झाला. लग्न तिथंच लागलं. पंगतीत आत्याबाई ज्याला त्याला सांगत होत्या, "मी सारवलं म्हणून घर राहिलं." खोटं कसं म्हणू?

तुम्ही मात्र फळ्या साध्या पाण्यानं धुवा, वाळू द्या, मगच तेल लावा. शेणानं साधायला आत्याबाईच पाहिजेत.