चाकाखालचं लिंबू

काल मुलाने गाडीला नवे टायर घातले. कोऱ्या रबराचा वास आला, सून लिंबं घेऊन बाहेर आली आणि मी थेट रावेरच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले, नव्वदच्या आसपासच्या एका सकाळी.

आबांना, माझ्या वडिलांना, आपल्या जुन्या आठ सिलिंडरच्या अमेरिकन गाडीचं भारी वेड. जळगावहून ते तिला दणकट गिअरबॉक्स आणि नवा क्लच बसवून आले होते. मागे घालायचे रुंद टायर मात्र मुंबईहून यायचे होते, म्हणून तिथे जुनेच होते, पार गुळगुळीत झालेले.

अंगण शेणसड्याने ओलं होतं. आळी बघायला जमली होती. आबांना कुठला धीर! त्यांनी इंजिन सुरू करून गिअर टाकलाही.

"थांबा, लिंबं ठेवू द्या आधी!" मागची लिंबं ठेवून आई पुढच्या चाकाशी वाकली आणि त्या लांबलचक बॉनेटआड दिसेनाशी झाली. तेवढ्यात रेस करता करता आबांचा पाय क्लचवरून सटकला. इंजिन गरजलं.

गाडी जागची हलली नाही. मागचं चाक ओल्या शेणात नुसतं गरगरलं, लिंबाचा चोथा माझ्या फ्रॉकवर उडाला.

लोक हसले. आई पदराला हात पुसत उठली. आबांनी लालबुंद होऊन त्या टायरला लाथ घातली. "मांगचे टायर बदलाच लागतीन. भलते घसरू राह्यले!"

पुढे कितीतरी वर्षं ते त्या टायरला शिव्या देत आणि आम्ही हसत असू.

काल सून चाकाशी वाकली, तेव्हा मी आधी मुलाच्या हातातली किल्ली काढून घेतली.