वरच्या रिकाम्या घरातलं रडणं
ओल्या सिमेंटचा वास आला की वाशीतलं आमचं पहिलं घर आठवतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इमारत नवी होती, वरचं घर अजून रिकामंच होतं. मला तिसरा महिना चालू होता आणि हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी गर्भ काढायला सांगितलं होतं. माझं मन तयार होईना. एका संध्याकाळी रेडिओवर अमेरिकेतल्या निवडणुकीची बातमी लागली. तिथे गर्भपातावरून पक्षापक्षांत भांडण जुंपलं होतं. मदरशात शिकवणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, "एक म्हणतो बाईचा हक्क, दुसरा म्हणतो बाळाचा. आपल्यात आधी आईचा जीव बघतात, बेटा. चार महिन्यांआधी गर्भात रूह, म्हणजे जीवात्मा, येत नाही, असं धर्माचे जाणकार आलिम सांगतात. बिनघोर जा." मी दवाखान्यात गेले. घरी आल्यावर दुपारी पडले होते, तर वरच्या घरात तान्हं बाळ रडू लागलं. मांजर असेल, असं मी मनाला समजावत होते. तेवढ्यात सासरे दारात आले, चेहरा पांढराफटक. "वर कोणी राहायला आलंय का?" मी नाही म्हणून मान हलवली. रडणं थांबेपर्यंत ते उंबऱ्यातच दुवा पुटपुटत बसले. त्यांच्यामुळे मी आज जिवंत आहे, पण त्या दुपारबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधीच बोललो नाही.